चढावर गाडीने दम सोडला तर: दिवे वाचायचे कसे आणि दोष शोधायचा कसा

चालती गाडी एकदम ओढेनाशी होते, डॅशबोर्डवर एखादा अनोळखी दिवा लागतो, मागचा ट्रक हॉर्न देत असतो आणि पुढे घाटाची दोन-तीन वळणं बाकी असतात. अशा वेळी बहुतेक जण गाडी कशीबशी कडेला घेतात, झटकन बंद करतात आणि मेकॅनिकला फोन लावून सांगतात, "गाडी पिकअप घेत नाहीये." एवढ्या एका वाक्यावरून क्लच प्लेटपासून टर्बोपर्यंत (इंजिनात दाबाने हवा भरणारा भाग) काहीही निघू शकतं. मग एकेक पार्ट बदलून बघणं सुरू होतं आणि पैसे मालकाचे जातात.

गॅरेजात काम करताना माझं एक मत पक्कं झालंय. दोष नेमका काय आहे हे शोधण्यासाठी लागणारी निम्म्याहून जास्त माहिती चालकाकडेच असते, फक्त ती त्याने टिपलेली नसते. स्कॅनर, म्हणजे गाडीच्या संगणकातून दोष वाचणारं यंत्र, कोड देतो, पण चढ किती होता, काटा कुठे होता, आवाज कसला आला, धूर कोणत्या रंगाचा होता हे स्कॅनर सांगत नाही. त्या क्षणी गाडीत तुम्ही होता. म्हणून त्या वेळी काय बघायचं, कोणत्या क्रमाने बघायचं आणि त्यावरून काय ओळखायचं, हे इथे सविस्तर लिहितोय.

पहिली पायरी: गाडी सुरक्षित जागी घ्या

सगळ्यात आधी ओळखा की इंजिन कमजोर झालंय की पूर्ण बंद पडलंय. कमजोर झालं असेल तर स्टिअरिंग आणि ब्रेक नेहमीसारखेच चालतात, त्यामुळे घाई नको. इंजिन बंद पडलं असेल तर स्टिअरिंग जड होतं, पण वळतं. ब्रेकच्या बूस्टरमध्ये दोन-तीन वेळा पुरेल एवढीच ताकद शिल्लक असते. पेडल पुन्हा पुन्हा मारून ती वाया घालवू नका. एकदाच दाबा, दाबून धरा आणि गाडी थांबवा. बूस्टरची मदत संपल्यावरही ब्रेक लागतो, पण पाय जोरात रोवावा लागतो. गाडी चालत असताना चावी पूर्ण मागे फिरवू नका, स्टिअरिंग लॉक होऊ शकतं. बंद इंजिनाची गाडी न्यूट्रलमध्ये घाटाखाली सोडून "खालच्या गॅरेजपर्यंत जाऊ" हा विचार तर मनातही आणू नका.

हॅझर्ड लावा. वळण ओलांडल्या ओलांडल्या लगेच थांबू नका, मागच्याला तुम्ही लांबून दिसला पाहिजेत. चढावर हँडब्रेक ओढून गाडी पहिल्या गियरमध्ये ठेवा, मागच्या चाकामागे दगड लावा आणि निघताना तो दगड रस्त्यातून काढून टाका. रात्री घाटात असा एखादा दगड दुचाकीवाल्याच्या जिवावर बेततो. लाल त्रिकोण साध्या रस्त्यावर किमान ५० मीटर मागे ठेवा, द्रुतगती मार्गावर १०० मीटर. वळण असेल तर त्रिकोण वळणाच्या अलीकडे हवा. माणसांनी गाडीत बसून राहायचं नाही, रेलिंगच्या पलीकडे उभं राहायचं. राष्ट्रीय महामार्गावर मदतीसाठी १०३३ लागतो. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि समृद्धी महामार्ग रस्ते विकास महामंडळाकडे आहेत, तिथे कडेच्या पाट्यांवरचा हेल्पलाइन नंबर बघा. ११२ कुठूनही लागतो.

दुसरी पायरी: लाल दिवा आहे का?

लाल दिवे चार महत्त्वाचे. त्यातल्या दोन दिव्यांना एका मिनिटाचीही सवलत द्यायची नसते.

ऑईलच्या झारीचा लाल दिवा म्हणजे ऑईलचं प्रेशर गेलं. बेअरिंगांना ऑईल मिळत नाहीये, त्यामुळे इंजिन त्याच क्षणी बंद करायचं. "पेट्रोल पंप एक किलोमीटरवर आहे" म्हणून गाडी चालवली तर क्रँक आणि बेअरिंग दोन्ही जातात, आणि मग हजारांचं काम लाखात जातं. गाडी सपाट जागी पाच-दहा मिनिटं उभी करा, डिपस्टिक पुसून पुन्हा घाला आणि बघा. पातळी खालच्या खुणेच्या खाली असेल तर योग्य ग्रेडचं ऑईल भरून, दिवा विझला तरच पुढे जा. पातळी बरोबर असूनही दिवा लागत असेल तर दोष पंपात, गाळणीत किंवा सेन्सरमध्ये आहे. रस्त्यावर त्यातला कोणता हे कळत नाही, म्हणून गाडी टो करूनच न्या. वळणावर किंवा जोरात ब्रेक मारल्यावर हा दिवा क्षणभर चमकून जात असेल, तर ऑईल कमी झाल्याची ती पहिली खूण समजा.

थर्मामीटरचा लाल दिवा म्हणजे इंजिन हीट झालंय. इथे एक बारकावा लक्षात ठेवा. बऱ्याच गाड्यांत दिवा लागण्याआधी एसीचा कॉम्प्रेसर आपोआप बंद होतो. घाट चढताना एसी अचानक कोमट हवा मारू लागला तर एसीला दोष देण्याआधी तापमानाकडे बघा. कितीतरी नव्या गाड्यांत काटाच नसतो, थंडपणाचा निळा आणि हीट झाल्याचा लाल असे दोनच दिवे असतात, त्यामुळे लाल लागेपर्यंत आधी काहीच कळत नाही. दुसरी गोष्ट, कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी, पूर्ण गळून गेलं असेल तर सेन्सरभोवती पाणीच उरत नाही आणि दिवा लागायला उशीर होतो किंवा लागतच नाही. तेव्हा हीटर लावून बघा. इंजिन गरम असताना हीटरमधून थंड हवा आली तर पाणी संपलंय, गाडी बंद करा.

तापमानाचा काटा नुसता चढायला लागला असेल आणि लगेच थांबायला जागा नसेल, तर एसी बंद, हीटर फुल आणि पंखा फुल करा. उकडेल, पण इंजिनातली उष्णता तिकडून बाहेर पडते. थांबल्यावर रेडिएटरचं किंवा कूलंटच्या बाटलीचं झाकण गरम असताना उघडू नका. आतलं पाणी दाबाखाली असतं, १०० अंशांवर जाऊनही उकळलेलं नसतं. झाकण सैल करताच दाब जातो आणि उकळतं पाणी तोंडावर येतं. हात आणि चेहरा भाजलेली माणसं मी पाहिली आहेत. अर्धा-पाऊण तास थांबा. बाटली बाहेरून धरवेल इतकी थंड झाली की मग झाकणाला फडकं लावून हळूहळू फिरवा. नुसतं पाणी ओतूनही गॅरेजपर्यंत जाता येतं, पण तापलेल्या इंजिनात थंड पाणी एकदम ओतू नका, हेड वाकतं.

बॅटरीचा लाल दिवा लागला की लोक बॅटरी बदलायला धावतात. चालत्या गाडीत हा दिवा सांगतो की चार्जिंग होत नाहीये, म्हणजे दोष अल्टरनेटरमध्ये (चालत्या इंजिनावर बॅटरी चार्ज करणारं यंत्र) किंवा त्याच्या बेल्टमध्ये. बोनेट उघडून आधी बेल्ट जागेवर आहे का बघा. पुष्कळ इंजिनांत तोच बेल्ट वॉटर पंप फिरवतो. बेल्ट तुटला असेल तर एक पाऊलही पुढे नको, पाच-सात मिनिटांत इंजिन हीट होईल. बेल्ट शाबूत असेल तर दिवसा, एसी, पंखा, म्युझिक सगळं बंद करून बॅटरीच्या जोरावर जवळचं गाव गाठता येतं. मात्र मध्ये गाडी बंद करू नका, पुन्हा सुरू होईलच असं नाही. बॅटरीचा व्होल्टेज घसरत गेला की इंजेक्टर आणि इग्निशन मंद होतात, स्टिअरिंगचा, एबीएसचा असे इतर दिवेही लागू लागतात. एकाच वेळी पाच-सहा दिवे लागले तर पाच-सहा दोष शोधू नका, आधी व्होल्टेज मोजा. इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.४ व्होल्ट हवेत. बंद गाडीची चांगली चार्ज झालेली बॅटरी १२.६ च्या आसपास दाखवते. नव्या गाड्यांत अल्टरनेटर संगणकाच्या हुकुमावर कमी-जास्त होतो, म्हणून हेडलाइट लावून मोजा.

ब्रेकचा लाल दिवा हँडब्रेक पूर्ण खाली करूनही विझला नाही तर ब्रेक ऑईलची पातळी बघा. पेडल मऊ लागत असेल तर गाडी हलवू नका.

तिसरी पायरी: बंद करण्याआधी फोटो

लाल दिवा नसेल तर थोडं थांबा. इंजिन चालू असतानाच मोबाइलने डॅशबोर्डचा फोटो काढा. काही दिवे गाडी बंद करून सुरू केल्यावर विझतात आणि गॅरेजमध्ये पोहोचल्यावर "आता तर काहीच नाही" असं होतं. मग लिहा किंवा बोलून रेकॉर्ड करा: वेग, गियर, आरपीएम, चढ की सपाट, एसी चालू की बंद, टाकीत तेल किती, शेवटचं कधी आणि कुठे भरलं, गाडी पेट्रोलवर होती की सीएनजीवर, पाऊस होता का, खड्ड्यातून किंवा पाण्यातून गेलात का, कसला वास आला. आरशात धूर दिसला असेल तर रंग. काळा म्हणजे हवेच्या मानाने इंधन जास्त, निळा म्हणजे ऑईल जळतंय. पांढरा दाट धूर बहुतेक वेळा कूलंट आत जात असल्याचं सांगतो, डिझेलमध्ये न जळालेलं डिझेलही असू शकतं.

पिवळ्या दिव्यांत मुख्य म्हणजे चेक इंजिन. तो स्थिर असेल आणि गाडी नीट चालत असेल तर हळू चालवत घरी जा आणि एक-दोन दिवसांत स्कॅन करा. तो लुकलुकत असेल तर गोष्ट वेगळी. पेट्रोल गाडीत याचा अर्थ एखाद्या सिलिंडरमध्ये मिसिंग चाललंय, म्हणजे तिथलं पेट्रोल नीट पेटत नाहीये, आणि न जळालेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरच्या, धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे पेटतंय. ॲक्सिलरेटर लगेच सोडा. दोन-तीन हजारांची कॉइल (प्लगला ठिणगीची वीज देणारा भाग) वाचवायला गेलात तर कन्व्हर्टर बदलावा लागतो, आणि तो फार महाग असतो.

डिझेल गाडीत स्प्रिंगसारखं चिन्ह हीटर प्लगचं असतं. थंडीत सुरू करताना ते लागणं ठीक, पण चालताना लुकलुकलं तर काही कंपन्यांच्या गाड्यांत तो इंजिनाच्या बिघाडाचा इशारा असतो. ईएससीचा, म्हणजे घसरणाऱ्या गाडीच्या चिन्हाचा दिवा चिखलात किंवा भिजलेल्या चढावर लुकलुकला आणि त्याच वेळी ताकद कमी झाली, तर तो दोषच नाही. चाक घसरू नये म्हणून गाडीनेच ताकद कापलेली असते. इलेक्ट्रिक गाडीत कासवाचं चिन्ह आलं तर बॅटरी खूप उतरलीये किंवा बॅटरी-मोटर तापलीये.

चौथी पायरी: आरपीएमचा काटा काय करतोय?

दोष शोधण्याच्या सगळ्या युक्त्यांत मला ही सगळ्यात मोलाची वाटते, कारण ती फुकट आहे आणि फक्त चालकालाच करता येते.

ॲक्सिलरेटर दाबल्यावर काटा वर जातो, पण वेग वाढत नाही? मग इंजिन ठीक आहे, क्लच घसरतोय. जळक्या वासाने खात्री पटते. सपाट रस्त्यावर चौथ्या गियरमध्ये चाळीसच्या वेगाने जाताना ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा. काटा उडी मारून वर गेला आणि गाडी तिथेच राहिली तर क्लच प्लेट संपली. ऑटो गियर शिफ्टच्या गाड्यांतही आत साधी क्लच प्लेटच असते, चढावरच्या ट्रॅफिकमध्ये ॲक्सिलरेटरवर गाडी धरून ठेवली की तीही तशीच जळते.

काटा आणि वेग दोन्ही हळूहळू चढतात, गाडी जणू कुणीतरी मागून धरलीये? सपाट जागी न्यूट्रल करून बघा. गाडी सहज पुढे गेली नाही, लगेच थांबली, तर ब्रेक जाम आहे. थोडं चालवून थांबल्यावर प्रत्येक चाकाच्या जवळ तळहात न्या, रिमला लावू नका. एकच चाक बाकीच्यांपेक्षा खूप तापलेलं असेल तर त्याचा कॅलिपर (ब्रेक पॅड दाबणारा भाग) किंवा हँडब्रेकची केबल अडकलीये. पावसाळ्यात बरेच दिवस उभी राहिलेल्या गाडीत हे नेहमीचं.

गाडी गियरमध्ये पुढे जातेय, चाकं इंजिनाला फिरवतायत, तरी काटा एकदम शून्यावर पडला? हे दिसलं तर ते नक्की सांगा, मेकॅनिकचे तास वाचतात. इंजिन फिरतंय, पण ते फिरतंय हे संगणकाला कळत नाहीये, म्हणजे संशय क्रँक सेन्सरवर किंवा त्याच्या वायरिंगवर. हा सेन्सर तापल्यावर दगा देतो आणि वीस-तीस मिनिटांनी थंड झाला की गाडी काहीच न झाल्यासारखी सुरू होते. उलट काटा हळूहळू उतरत आला, गाडीने दोन-चार झटके मारले आणि मग बंद पडली, तर आधी इंधनाकडे वळा.

काटा एका ठराविक आकड्यावर, साधारण २,५०० ते ३,००० वर अडतो आणि कितीही दाबलं तरी पुढे जात नाही? ही गाडीने स्वतः घातलेली मर्यादा आहे. गॅरेजमध्ये आम्ही याला लिम्प मोड म्हणतो. संगणकाला कुठलं तरी माप विश्वासाचं वाटत नाही, म्हणून तो इंजिन वाचवण्यासाठी ताकद कापतो. पूर्ण थांबून गाडी बंद करा, दोन-तीन मिनिटांनी सुरू करा. ताकद परत आली आणि तशाच चढावर, तशाच आरपीएमला पुन्हा गेली, तर दोष फक्त लोड, म्हणजे इंजिनावर ताण, पडल्यावर उभा राहतो, हे कळलं. गॅरेजच्या दारात उभ्या गाडीला रेस देऊन तो सापडणार नाही.

आणि हे सगळं करण्याआधी पायाखाली बघा. जाड मॅट ॲक्सिलरेटरच्या मागे सरकली की पेडल पूर्ण दाबलंच जात नाही.

पाचवी पायरी: इंजिनच ओढत नसेल तर

हवा, इंधन आणि ठिणगी. डिझेलमध्ये ठिणगी नसते, तिची जागा कॉम्प्रेशन घेतं.

हवेपासून सुरुवात करतो, कारण टर्बो गाड्यांत सगळ्यात जास्त फसवणूक इथेच होते. एका डिझेल हॅचबॅकचं उदाहरण देतो. गाडी पुण्यात गावभर छान चालायची. साताऱ्याकडे जाताना खंबाटकीचा चढ लागला की तिसऱ्या गियरमध्ये २,००० च्या वर दम सोडायची, चेक लाइट लागायचा, मागे काळा धूर. एका ठिकाणी स्कॅन करून कोड निघाला पी०२९९, म्हणजे टर्बोचा दाब अपेक्षेपेक्षा कमी. लगेच टर्बो बदलायचं एस्टिमेट हातात दिलं गेलं. गाडी माझ्याकडे आल्यावर टर्बोची हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरचे पाइप तपासले. वरून सगळं कोरडं होतं. खालच्या रबरी पाइपला क्लिपच्या अगदी लगत, खालच्या बाजूने हाताला तेलकट काजळी लागली. आरसा धरून बघितल्यावर बोटभर चीर दिसली. टर्बोतून थोडी ऑईलची वाफ पाइपात जातेच. दाब आला की चीर उघडते, हवेबरोबर ती वाफ बाहेर पडते आणि धूळ चिकटते. गाडी उभी असताना चीर मिटलेली असते, रेस दिली तरी दाब येत नाही, म्हणून काही दिसत नाही. पाइप बदलला, क्लिप नवी टाकली, घाट चढून आलो, काम संपलं.

म्हणून पी०२९९ आला की क्रम असा ठेवा: एअर फिल्टर, मग टर्बोपासून इनटेकपर्यंतचा प्रत्येक पाइप हाताने चाचपून, मग टर्बोला जाणाऱ्या बारीक व्हॅक्यूम नळ्या, मग टर्बोचा दाब कमी-जास्त करणारा ॲक्च्युएटर, आणि अगदी शेवटी टर्बो. पाइप निसटला असेल तर ॲक्सिलरेटर दाबताना स्पष्ट फुस्स आवाज येतो. काच खाली करून कठड्याच्या किंवा भिंतीच्या बाजूने जा, आवाज परतून ऐकू येतो. कोड उलटा, म्हणजे पी०२३४, दाब जास्त असा आला, तर टर्बोच्या आतल्या पात्या काजळीने अडकल्याचा संशय घ्यावा.

पावसाळ्यात एअर फिल्टर आवर्जून उघडा. साचलेल्या पाण्यातून गेल्यावर तो भिजला तर गाडी गुदमरते. आणि पाण्यात गाडी बंद पडली असेल तर पुन्हा चावी मारू नका. सिलिंडरमध्ये पाणी शिरलं असेल तर ते दबत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. तिथून टो करणं स्वस्त पडतं. याच दिवसांत उंदीर बोनेटखाली आसरा घेतात. फिल्टरच्या डब्यात चिंध्या, कापूस किंवा लेंड्या दिसल्या तर वायरिंग आणि सेन्सरच्या वायरी एकेक करून बघा.

इंधनाच्या बाजूने: पेट्रोल गाडीत चावी ऑन केल्यावर, सेल्फ मारण्याआधी, मागच्या सीटखालून दोनेक सेकंद बारीक घूं असा आवाज यायला हवा. तो टाकीतला पंप. आवाज नसेल तर फ्यूज बघा. बॉक्समध्ये त्याच नंबरचा दुसरा रिले, बहुधा हॉर्नचा, असेल तर अदलाबदल करून बघता येते. टाकी रिझर्व्हवर असताना तीव्र चढावर पेट्रोल मागे सरकतं आणि पंप हवा ओढतो. गाडी झटके मारते, सपाटीला आली की बरी होते. घाटात शिरण्याआधी पाव टाकीच्या खाली येऊ देऊ नका, पंपाला थंड ठेवणारंही तेच पेट्रोल असतं. डिझेल गाडीत लोड पडल्यावर बंद पडणं आणि पी००८७, म्हणजे इंजेक्टरांना डिझेल पुरवणाऱ्या रेलमध्ये दाब कमी, हे एकत्र आलं तर पहिलं काम डिझेल फिल्टर. त्याच्या खालच्या बोल्टातून थोडं डिझेल काचेच्या बाटलीत काढा. पाणी असेल तर तळाशी वेगळा थर दिसतो. पेट्रोलमध्ये आता इथेनॉल असतं, त्यात पाणी शिरलं की इथेनॉल पाण्याबरोबर खाली बसतं आणि वर हलकं पेट्रोल राहतं. तेल भरल्यावर काही किलोमीटरांतच त्रास सुरू झाला असेल तर पंपाची पावती आणि बाटलीतला नमुना दोन्ही जपा.

सीएनजीच्या गाडीवाल्यांच्या हातात तर सगळ्यात चांगली चाचणी आहे. बटण दाबून गाडी पेट्रोलवर घ्या. ताकद पूर्ण परत आली तर दोष गॅसच्या बाजूला: गॅस फिल्टर, रेग्युलेटर किंवा गॅस इंजेक्टर. पेट्रोलवरही तशीच राहिली तर दोष दोन्हींत सामायिक, म्हणजे प्लग, कॉइल, हवा किंवा क्लच. गॅस पेटवायला ठिणगी जास्त जोराची लागते, त्यामुळे झिजलेले प्लग पेट्रोलवर चालून जातात आणि सीएनजीवर चढाला मिसिंग करतात. मुळात सीएनजीवर थोडी ताकद कमी लागणारच, तो दोष नाही.

बीएस-६ डिझेलवाल्यांसाठी थोडं वेगळं. १ एप्रिल २०२० नंतरच्या या गाड्यांत सायलेन्सरच्या वाटेवर काजळी अडवणारा डीपीएफ असतो. काजळी साचली की गाडी तो साधारण ६०० अंशांपर्यंत तापवून जाळते. पण त्यासाठी एकसारखं चालणं लागतं. रोज सिंहगड रोडवर किंवा घोडबंदरला रखडत जाणाऱ्या गाडीला ती संधीच मिळत नाही. डीपीएफचा पिवळा दिवा लागला की गाडी हायवेला काढा, एक गियर खाली ठेवून आरपीएम २,००० च्या वर राखा आणि पंधरा-वीस मिनिटं सलग चालवा. आयडलिंग चढलंय, पंखा जोरात चाललाय, गरम वास येतोय, म्हणजे जळणं चालू आहे. तेव्हा बंद करू नका आणि वाळक्या गवतावर उभी करू नका. दिव्याकडे दुर्लक्ष झालं की चेक लाइट लागतो, ताकद कापली जाते, आणि मग स्कॅनरने जबरदस्तीने जाळावं लागतं. अर्धवट राहिलेल्या प्रत्येक प्रयत्नात थोडं डिझेल इंजिन ऑईलमध्ये उतरतं. डिपस्टिकवर ऑईल वाढलेलं दिसलं आणि त्याला डिझेलचा वास आला तर ऑईल लगेच बदला. ज्या गाड्यांत निळ्या झाकणाची डीईएफची (धूर स्वच्छ करणाऱ्या द्रवाची) टाकी आहे, त्यांनी उरलेल्या किलोमीटरचा इशारा मनावर घ्यावा. टाकी पूर्ण संपल्यावर गाडी बंद केली तर ती पुन्हा सुरू न होण्याची व्यवस्था त्यातच केलेली असते.

पेट्रोलमध्ये एकच सिलिंडर मिसिंग असेल आणि कोड पी०३०२, म्हणजे दुसऱ्या सिलिंडरचा आला, तर ती कॉइल तिसऱ्यावर लावा आणि गाडी चालवा. कोड पी०३०३ झाला तर कॉइल गेली. दोनवरच राहिला तर प्लग, इंजेक्टर, मग कॉम्प्रेशन.

सहावी पायरी: स्वतःचा स्कॅनर

२०१३ नंतरच्या बहुतेक गाड्यांत स्टिअरिंगखाली १६ पिनांचा सॉकेट असतो. ईएलएम ३२७ जातीचा छोटा ब्लूटूथ स्कॅनर आणि मोबाइल ॲप एवढ्यावर इंजिनाचे कोड वाचता येतात. कोड दिसला की लगेच उडवू नका. त्यासोबत फ्रीझ फ्रेम साठवलेली असते: दोष घडला तेव्हाचा वेग, आरपीएम, लोड, तापमान. कोड उडवला की तीही जाते. आधी स्क्रीनशॉट घ्या.

पेट्रोल गाडीत फ्युएल ट्रिमचे, म्हणजे संगणक इंधन किती कमी-जास्त करतोय त्याचे, दोन आकडे बघा, छोट्या आणि लांब मुदतीचा, आणि त्यांची बेरीज करा. उणे १० ते अधिक १० टक्के ठीक. आयडलिंगला अधिक २० आणि २,५०० आरपीएमला जवळपास शून्य, तर कुठून तरी जादा हवा शिरतेय, म्हणजे व्हॅक्यूम पाइप किंवा गॅस्केट. आयडलिंगला ठीक आणि चढावर वाढत जातं, तर इंधन पुरत नाहीये. चालवताना आकडे शेजारच्याने बघायचे, चालकाने नाही.

कोडमध्ये सेन्सरचं नाव आलं म्हणजे सेन्सर खराब, असं नसतं. ऑक्सिजन सेन्सर "मिश्रण पातळ आहे" म्हणतो तेव्हा तो बहुधा खरंच बोलत असतो. तो बदलला तरी फाटलेला पाइप तसाच राहतो.

सेकंडहँड गाडी घेताना चावी फक्त ऑन करून बघा. ऑईल, बॅटरी, चेक इंजिन, एबीएस, एअरबॅग हे सगळे दिवे लागले पाहिजेत आणि त्यातले एबीएस-एअरबॅगचे काही सेकंदांत, ऑईल-बॅटरी-चेक इंजिनचे गाडी सुरू झाल्यावर विझले पाहिजेत. चेक इंजिनचा दिवा सुरुवातीला लागतच नसेल तर तो काढलेला किंवा झाकलेला असू शकतो.

गॅरेजमध्ये काय सांगायचं

"पिकअप नाही" ऐवजी असं सांगा: "खंबाटकी चढताना, तिसरा गियर, २,२०० आरपीएम, चेक लाइट लागला, काळा धूर होता, काटा वर जात नव्हता, बंद करून चालू केल्यावर दहा मिनिटं ठीक होती." फोटो आणि कोड दाखवा. पार्ट बदलायचा म्हटलं तर विचारा, तो खराब आहे हे कशावरून ठरवलं, काय मोजलं. चांगला मेकॅनिक या प्रश्नाने चिडत नाही, उलट दाखवतो. जुना पार्ट परत मागा. आणि काम झाल्यावर गल्लीत फेरी मारून पैसे देऊ नका. दोष चढावर, लोडवर येत होता तर मेकॅनिकला शेजारी बसवून तसाच चढ चढा, स्कॅनर लावलेला असू द्या आणि परत आल्यावर आतमध्ये पेंडिंग कोड उरलाय का ते तपासून घ्या. पेंडिंग कोड असेल तर दिवा अजून लागलेला नसतो, पण दोष तसाच असतो.